सुखतळ्यातली तार

हाडं गोठवणाऱ्या थंडीत मोटारसायकलवरून घाट चढणारा माणूस एकतर प्रेमात पडलेला असतो, नाहीतर नोकरीला लागलेला. शेगडीचं प्रेमात पडायचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. तो एका प्रयोगशाळेत नोकरीला होता. सकाळी घाटावरच्या दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या आणि दुपारच्या आत खाली शहरात आणून द्यायच्या, एवढंच काम. गाडीच्या मागे पेटी, पेटीत बर्फाच्या पिशव्या, कारण रक्त गरम झालं की बिघडतं. पुढे सीटवर माणूस, आणि तो थंड झाला की बिघडतो. पेटीची काळजी प्रयोगशाळा घ्यायची. माणसाची काळजी ज्याची त्याने घ्यायची.

शेगडीची काळजी त्याच्या बायकोने घेतली, आणि त्यातूनच त्याला हे नाव पडलं.

बायको शिवणकाम करायची. नाजूक कपड्यांचं नव्हे. गाड्यांच्या सीटची कव्हरं, ताडपत्र्या, रेनकोटाच्या उसवलेल्या चेनी, असलं दांडगं काम. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं. तिच्या कॉलरला कायम एक सुई टोचलेली असायची आणि खिशात बेतायचा खडू. नवरा हिवाळ्यात कामावरून यायचा तेव्हा त्याची दातखीळ बसलेली असायची. चहा तोंडात कमी आणि मांडीवर जास्त सांडायचा. हे बघून बघून तिने शेवटी आपल्या भावाला गाठलं. भावाचं बॅटरीचं दुकान. त्याच्याकडून तापणारी तार आणली, नवऱ्याच्या जुन्या जाकिटाचं अस्तर उसवलं आणि आत ती तार नागमोडी शिवून टाकली. पाठीवर, छातीवर, मानेच्या मागे. तारेची टोकं खिशापाशी बाहेर काढली, तिथून एक वायर सीटखालच्या बॅटरीला, आणि हँडलला एक बटण. मंद, मध्यम, कडक.

पहिल्या दिवशी तो घरी आला तो ओरडतच. "अगं, मला घाम आला! घाटात! घाम!"

"मग पुसा," ती म्हणाली आणि मशीनकडे तोंड फिरवलं. पण तिचे कान लाल झाले होते, ते त्याने बघितलं.

प्रयोगशाळेत गाडीवाल्यांची एक खोली होती, तिथे आधी भरपूर टवाळी झाली. "या, शेगडी आली. हात शेका रे सगळ्यांनी." एकदा तर चहाच्या टपरीवर तो वायर काढायची विसरून गाडीवरून उतरला आणि दावं लावलेल्या गाईसारखा हिसका बसून जागीच थांबला. त्यावर लोक आठवडाभर हसले. मग एकेक जण हळूच येऊन विचारू लागला, वहिनी माझ्यापण जाकिटात घालतील का. सगळ्यात आधी आला तो लंबू, जो सगळ्यात जास्त हसला होता. हिवाळा संपायच्या आत त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या पाठीवर तिची तार होती.

राहिले पाय.

पाय सगळ्यांचेच बधिर व्हायचे. वारा समोरून आणि खालून लागायचा, बुटात शिरायचा, आणि घाट उतरेपर्यंत घोट्याच्या खाली कुणाला काही उरायचं नाही. त्यावर या मंडळींनी एक खेळ काढला होता. परत आले की सगळे भिंतीकडच्या बाकावर बसायचे, बूट काढायचे आणि पाय फरशीवर ठेवून वाट बघायची. रक्त परतायला लागलं की पायात मुंग्या येतात, आणि त्या मुंग्या काही साध्या नव्हेत, जीव जातो. ज्याला आल्या त्याने ओरडायचं, "आल्या!" शेवटी जो राहील त्याने सगळ्यांच्या पेट्या धुवायच्या. बर्फाचं पाणी, त्यात कधी एखादी फुटलेली नळी. पेट्या धुवायला कुणालाच नको असायचं, म्हणून खेळ चुरशीचा व्हायचा.

पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी शेवटी शेगडी सारखा हरू लागला. रोज पेट्या त्याच्याच वाट्याला. छातीवर शेगडी आणि पायात बर्फ, असं म्हणून लोक खिदळायचे. मग एक दिवस, पायात काहीच हललेलं नसताना, लंबूपाठोपाठ तो ओरडला, "आल्या!" कुणाला संशय आला नाही. कसा येणार? शेजाऱ्याच्या पायात मुंग्या आहेत की नाहीत हे कुणी वाकून बघतं का? तेव्हापासून त्याला युक्ती सापडली. बाकावर बसायचं, बाकीच्यांची तोंडं बघायची, आणि दोघं ओरडले की तिसरं आपण ओरडायचं. कधी चौथं. अगदी पहिलं कधीच नाही. या बाबतीत त्याने चांगलं डोकं चालवलं, आणि तेवढं डोकं दुसरीकडे चालवलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

कारण मग उन्हाळा आला, आणि मुंग्या उन्हाळ्यातही आल्या नाहीत.

एकदा जिना चढून तो घरात आला तर बायको हसायला लागली. "अहो, एक चप्पल कुठे टाकलीत?" खाली पहिल्या पायरीवर ती निघाली होती आणि याला पत्ता नव्हता. "वेंधळे आहात नुसते," ती म्हणाली. तोही हसला. पण चप्पल आणायला खाली उतरताना तो प्रत्येक पायरीला आपल्या पायांकडे बघत होता.

त्याच सुमारास त्याला तहान फार लागायची. घाटावरच्या शेवटच्या दवाखान्यातली सिस्टर त्याला ओळखायची. तिच्या माठातलं पाणी तो गेल्या गेल्या घटाघटा प्यायचा. एक दिवस तिने त्याचा दंडच धरला. "रोज दुसऱ्यांचं नेता, आज स्वतःचं न्या." असं म्हणून तिने त्याचं रक्त काढलं, नळीवर नावाऐवजी नुसत्या आकड्याची चिठ्ठी चिकटवली आणि त्याच्याच पेटीत ठेवली. स्वतःचं रक्त पाठीमागे बर्फात घालून तो स्वतःच घाट उतरला. गंमत वाटली त्याला. पुढच्या फेरीला सिस्टरने माठावर झाकण ठेवलं आणि सांगितलं, साखर आहे, आणि थोडीथोडकी नाही.

"पायात काटा रुतला तर कळतो का तुम्हाला?" तिने विचारलं.

"न कळायला काय झालं?"

"बूट काढा बघू. साखर वाढली की पायात रक्त पोचत नाही."

"पुढच्या फेरीला नक्की," तो म्हणाला आणि किक मारली. पुढच्या फेरीलाही तेच म्हणाला. सिस्टरच्या गोळ्या मात्र त्याने घेतल्या. त्या गाडीच्या हत्यारांच्या डब्यात, पान्यांच्या मागे ठेवल्या. आठवण झाली तर खायच्या.

घरी का नाही सांगितलं? खोलीत का नाही? त्याचं कारण खोलीच्याच पलीकडे खिडकीपाशी बसलेलं होतं. त्यांना सगळे काका म्हणायचे. एके काळी काकांसारखा घाट उतरणारा माणूस नव्हता म्हणतात. मग त्यांना साखर निघाली. एकदा एका वळणावर त्यांची शुद्ध हरपली, आणि तेव्हापासून प्रयोगशाळेने नियमच करून टाकला: साखर असलेला माणूस गाडीवर नको. काकांना चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. सकाळी गाड्या सुरू व्हायच्या तेव्हा काका हातातली चिठ्ठी तशीच धरून खिडकीशी यायचे आणि सगळ्या गाड्या फाटकाबाहेर जाईपर्यंत उभे राहायचे. मग परत टेबलाशी. त्यांना कुणी हसायचं नाही. शेगडीला त्यांच्याकडे बघवायचंच नाही. त्याला चिठ्ठ्या चिकटवायच्या नव्हत्या. त्याला धुकं फाटून खालचं शहर एकदम दिसतं ते वळण हवं होतं, आणि छातीवर बायकोने शिवलेली ऊब. एवढ्यासाठी तो मूग गिळून बसला.

दुसरा हिवाळा पहिल्यापेक्षा वाईट निघाला. बायकोने एक दिवस जाहीर केलं, "यंदा तुमचे पाय."

तिने बुटांतून तळव्याखालचे सुखतळे काढून घेतले होते. नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, दोन जाड तुकडे खडूने आखून कापले, आणि डाव्याच्या मध्ये तार शिवली. जाकिटात शिवली तशीच नागमोडी, टाचेपासून बोटांपर्यंत, शेवटच्या वळणावर तार दोनदा फिरवून तिचा नेहमीचा दुहेरी टाका. तार एकाच पायाला पुरली. उजव्यासाठी भाऊ आणून देणार होता. "आधी डावा जमतो का बघू," ती म्हणाली. "जमला की त्याच मापाने उजवा."

तिची एक पद्धत होती. तापणारी कुठलीही वस्तू ती आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची, मग ज्याची त्याच्या अंगावर, आणि मग पक्की शिवण. तार जितकी लांब ठेवावी तितकी ती मंद तापते; कापून आखूड करत गेलं की कडक. जाकिटं तिने अशीच एकेकाला स्टुलावर बसवून जमवली होती. ऊब लागली की सांगायचं, म्हणायची. लागली म्हटलं की तिथे थांबायचं.

तर सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने नवऱ्याला स्टुलावर बसवलं. डाव्या बुटात सुखतळा, फरशीवर भावाच्या दुकानातली बॅटरी. ती समोर उकिडवी बसली.

"लावते हं. ऊब लागली की सांगा."

तिने वायर जोडली. शेगडी वाट बघत बसला. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की या बाकावर तो एकटाच आहे. कुणाचं तोंड बघायचं? ऊब लागायला किती वेळ लागतो, हेच त्याला माहीत नव्हतं. जाकीट लगेच तापायचं. पण बूट जाड, मोजे जाड. लवकर बोललो तर तिला कळेल, असं त्याला वाटलं. तिला सगळं कळतं. थोडं थांबावं.

"अजून नाही?" तिने विचारलं.

"अजून नाही."

तिने भुवया उंचावल्या. बूट काढायला लावला, आत हात घातला. "कोमट झालंय की."

"तुझं मनगट नाजूक. माझ्या तळव्याला घट्टे पडलेत." हे म्हणताना त्याला आपणच किती सहज बोललो याचं नवल वाटलं.

तिने तार उसवली, एक वीत कापली, परत टाचली. पुन्हा बूट, पुन्हा वायर. पुन्हा तो अंदाज घेत बसला. या खेपेला सांगावं, असं त्याने ठरवलं होतं, पण तिने इतक्या लवकर तोंड वर करून बघितलं की तो गडबडला आणि म्हणाला, "थोडंसं वाटतंय. अजून हवं." झालं. तिने आणखी कापली. त्यानंतर मनगट आत घातलं तेव्हा तिने ते झटकन बाहेर ओढलं.

"अहो, मला तर चटका बसतोय."

"घाटातलं वारं कसं असतं तुला काय माहीत? इथे खोलीत बसून चटका. तिकडे काही लागणार नाही."

तिचं मन मानत नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण पाय त्याचे होते. पाय ज्याचे त्याला कळणार, नाही का? कुणीही असंच म्हणेल. शेवटी वायर लावल्यावर तो मोठ्याने म्हणाला, "लागली! बस, आता काही करू नकोस. छान लागली."

तिने तिथेच पक्की शिवण मारली. मग नळाखाली मनगट धरलं. त्याला वाटलं, हात धुते आहे.

दुसऱ्या दिवशी निघताना तिने बजावलं, मंदवरच ठेवा. त्यानेही मंदवरच ठेवलं, पहिल्या वळणापर्यंत. मग कडक. का म्हणून विचाराल तर त्याच्या डोक्यात एक हिशेब होता, आणि अडाण्याचा हिशेब फार पक्का असतो. थंडीने पाय झोपले. मग उबेने ते जागे होतील. सिस्टर म्हणाली होती ना, पायात रक्त पोचत नाही? गरम केलं की रक्त धावतं, हे तर कुणालाही माहीत आहे. जाकिटाने त्याला पुन्हा माणसात आणलं होतं. तीच बायको, तीच तार. पाय का नाही? सगळा घाट तो मनातल्या मनात म्हणत होता, या रे, या मुंग्यांनो. एका वळणावर डाव्या पायात काहीतरी चमकल्यासारखं त्याला वाटलं. वाटलं की वाटायला लावलं, कोण जाणे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हेल्मेटच्या काचेआड असल्याने ते वाऱ्याने वाळलं नाही.

त्या संध्याकाळी न्हाणीघरात दार लावून त्याने मोजा काढला. तळवा लालबुंद झाला होता. कित्येक महिने पांढराफटक दिसणारा पाय लाल! रक्त आलं, असं तो स्वतःशीच म्हणाला. त्याने तो लाल तळवा हाताने कुरवाळला. बाहेर येऊन बायकोला म्हणाला, "तुझ्या हाताला यश आहे बाई." ती भाजी चिरत होती. ती मान खाली घालून हसल्याचं त्याने बघितलं, आणि त्याला स्वतःचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी घाटावर बर्फाळ पाऊस पडला. सगळे भिजून, काकडून परतले. फाटकातून आत आल्यावर शेगडी अजून गाडीवरच होता, इंजिन चालू, तेवढ्यात लंबू कुडकुडत त्याच्यापाशी आला.

"पायातपण शेगडी घातलीस म्हणे. बघू दे वहिनींच्या हातची ऊब. माझे पाय मेलेत."

शेगडीने हसत डावा बूट काढला. वायर तशीच जोडलेली. लंबूने गाडीला टेकून आपला ओला पाय त्यात कोंबला, डोळे मिटले, "अहाहा," म्हणाला. आणि पुढच्याच क्षणी असा किंचाळला की बूट वायरीसकट उडून पेटीवर आपटला.

"अरे मेलो! निखारे भरलेत काय यात? आणि तू हे घालून घाट उतरलास? माणूस आहेस की कोण?"

सगळे खो खो हसले. शेगडीही हसला. पण तो उशिरा हसला. बाकीच्यांची तोंडं बघून मग हसला, आणि ते खिडकीत उभ्या असलेल्या काकांनी बघितलं. काका बाहेर आले. त्यांच्या हाताला चिठ्ठी चिकटलेली होती. त्यांनी शेगडीच्या जमिनीवर टेकवलेल्या पायाकडे बघितलं. फरशी सगळीकडे ओलीच होती, पण त्या पायाखालचा ओलावा वेगळा होता.

"मोजा काढ," काका म्हणाले.

"काही नाही हो काका, जरा—"

"काढ म्हणतो ना!"

त्याने मोजा ओढला. मोजा निघाला, आणि त्याच्याबरोबर तळव्याचं कातडंही निघालं. लंबू भिंतीकडे तोंड करून ओकला. शेगडी आपल्या पायाकडे दुसऱ्याच्या पायाकडे बघावं तसा बघत होता. त्याला काहीच दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, हे त्याला तेव्हाही कळलं.

इस्पितळात डॉक्टरांनी पाय दिव्याखाली धरला. भाजल्याची खूण टाचेपासून बोटांपर्यंत वळणं घेत गेली होती, आणि शेवटच्या वळणावर दोन रेघा जवळजवळ होत्या. बायको पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. स्वतःचा टाका कुणाला ओळखू येत नाही? तिने पलंगाचा गज धरला आणि खाली बसली.

डॉक्टरांनी साखरेचं सांगितलं. पायाची जाणीव पुष्कळ दिवसांपासून गेलेली असणार, असं सांगितलं. थंडीतल्या बधिरपणात रोग्याला पत्ताच लागत नाही, असंही ते म्हणाले. तेवढी एक वाट शेगडीला आयती मिळाली. बायकोने त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला खरंच पत्ता नव्हता?"

"नव्हता," तो म्हणाला. वेळ मारून नेली.

आधी बोटं गेली. मग पाऊल. मग घोट्याच्या वर, कारण काळेपणा थांबेना. दर वेळी भेटायला कुणी आलं की बायको सांगायची, "माझ्या हाताने झालं. मीच तार आखूड केली." भाऊ रडला, म्हणाला, ताई, तार मी दिली होती. "शिवली मी ना," ती म्हणायची. शेगडी उशीवर डोकं ठेवून हे ऐकायचा आणि छताकडे बघायचा. माणूस किती भित्रा असू शकतो! पाय कापताना तो घाबरला नाही. एक वाक्य बोलायला मात्र त्याची जीभ उचलेना.

त्याला घरी आणलं तेव्हा थंडी अजून होतीच. पुढच्या खोलीत, मशीनच्या शेजारी, त्याचा पलंग टाकला. मशीन बंद होतं. काही दिवसांनी लंबू आला, हातात मोठं गाठोडं. त्याने ते खाली ठेवलं आणि शेगडीची नजर चुकवली. "वहिनींनी सगळ्यांची जाकिटं मागवलीत," तो म्हणाला. "आम्ही म्हटलं, जाकिटांनी कुणाचं काय बिघडवलंय? पण त्या ऐकेनात." तो स्वतः साध्या जाकिटात आला होता. त्याचे ओठ काळेनिळे पडले होते आणि चहाचा कप त्याच्या हातात थडथडत होता.

लंबू गेल्यावर बायकोने गाठोडं सोडलं, पहिलं जाकीट मांडीवर घेतलं आणि ब्लेडने अस्तर उसवायला लागली. टाका तुटायचा, ती तार ओढून काढायची आणि बादलीत टाकायची. एक झालं, दुसरं घेतलं. ती रडत नव्हती. मन लावून काम करत होती, जसं ती शिवताना करायची. इतके दिवस तिने कष्टाने जे चांगलं केलं होतं ते ती एकेक करून मोडत होती. दुसऱ्या जाकिटातली तार बादलीत पडल्याचा आवाज शेगडीने ऐकला, आणि तिसऱ्याला ब्लेड लागलं तेव्हा त्याच्याने राहवेना.

"उसवू नकोस."

"झोपा तुम्ही."

"उसवू नकोस गं. त्यांचा काही दोष नाही. तुझाही नाही." तो कोपरावर उठला. "मला माहीत होतं. पायात काही कळत नाही, हे मला उन्हाळ्यापासून माहीत होतं. साखरेचंपण माहीत होतं. त्या दिवशी स्टुलावर मला काही लागलं नव्हतं. मी अंदाजाने बोलत होतो."

ब्लेड थांबलं. तिने ते मांडीवरच्या अस्तरावर ठेवलं. मग तिने उजवी बाही वर सारली आणि मनगट त्याच्या तोंडासमोर धरलं. आतल्या बाजूला एक वळण होतं, तपकिरी, आता वाळून गेलेलं. तेच वळण, तीच रुंदी.

"हे त्या दिवशीचं," ती म्हणाली. "फोड आला होता. मी बाही खाली ओढून फिरत होते, तुम्हाला दिसू नये म्हणून. तुम्ही एवढे खूश होतात. म्हटलं, माझंच कातडं नाजूक." तिने बाही खाली ओढली. "माझा हात मला ओरडून सांगत होता हो. मी त्याला खोटं पाडलं आणि तुम्हाला खरं मानलं. आणि तुम्ही पलंगावर पडून ऐकत राहिलात? रोज? लोक येत होते, मी सांगत होते, आणि तुम्ही ऐकत राहिलात?"

ती उठून आत गेली. त्याला वाटलं, आता ती भावाकडे निघून जाईल, आणि गेली तर योग्यच करेल.

ती बाहेर आली तेव्हा तिचं तोंड धुतलेलं होतं. तिने स्टूल ओढून पलंगाच्या पायथ्याशी ठेवलं, त्यावर बसली आणि पांघरूण बाजूला सारलं. "उजवा पाय इकडे करा. आणि डोळे मिटा."

त्याने डोळे मिटले. तिने कॉलरची सुई काढल्याचं त्याला कळलं, कारण ती काढताना ती नेहमी श्वास रोखायची. सुई तिने उलटी धरली असावी, नेढ्याकडून.

"आता लागतंय?"

सवयीने त्याच्या ओठांवर "हो" आलं. अगदी दातांपर्यंत आलं. पण मिटल्या डोळ्यांपुढे कुणाचंच तोंड नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"आता?"

"नाही."

"आता?"

"नाही." ती कुठवर पोचली आहे हे त्याला समजत नव्हतं. अंगठ्यावर आहे की तळव्यावर, टाचेवर की घोट्यावर. तिचा आवाज माप घेतानाचा होता, ना कमी ना जास्त. ती विचारत राहिली आणि तो नाही म्हणत राहिला, आणि प्रत्येक नाहीला त्याला वाटत होतं, हा पायही चालला. मग नडगीच्या मध्यावर कुठेतरी एक बारीक टोचणी उठली.

"आता लागलं."

"नक्की? अंदाजाने सांगू नका."

"नक्की."

खिशात हात गेल्याचा आवाज झाला. मग त्याच्या नडगीभोवती, अगदी त्या जागी, काहीतरी खरखरीत फिरलं. त्याने डोळे उघडले. कापड कापायच्या आधी ओढतात तशी खडूची पांढरी रेघ तिने पायाभोवती पूर्ण फिरवली होती.

"याच्या खालचं यापुढे मी बघणार," ती म्हणाली. "तुम्हाला विचारणार नाही."